आधी सांगाडा, मग इंजिन

रेल्वेचं चालतं मॉडेल करायचं ठरलं की घरात पहिल्यांदा येतं ते इंजिन. मागोमाग दोन-चार डबे आणि रुळांचा तयार गोल. हे सगळं मांडायचं कशावर, हा प्रश्न शेवटी उरतो आणि बहुतेक वेळा आठ बाय चारचा प्लायवूडचा तक्ता आणून तो निकालात काढला जातो. सुताराच्या दोन घोड्यांवर तक्ता आडवा पडतो, रूळ खिळ्यांनी ठोकले जातात, गाडी गोल फिरू लागते. घरातले सगळे दोन दिवस कौतुकानं बघतात. पहिला पावसाळा आला की तक्त्याला मधोमध झोळ पडतो, रुळांचे सांधे वर येतात आणि गाडी दर फेरीला एकाच जागी घसरू लागते. मग इंजिन बदललं जातं. नवं इंजिनही नेमकं तिथंच घसरतं.

दोष इंजिनाचा नसतोच. तो खाली असतो, जिथं पैसा आणि वेळ घालायची कुणाची तयारी नसते. या छंदात ज्याला ‘बेंचवर्क’ आणि ‘रोडबेड’ म्हणतात, म्हणजे मांडणी पेलणारा लाकडी सांगाडा आणि त्यावर रुळांसाठी घातलेली गादी, त्यात मॉडेल रेल्वेचं निम्मं यश असतं. फोटोत मात्र ते कधी येत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्याच्या शाळांनी मॉडेल रेल्वेचं हे काम हाती घ्यावं, असं सुचवण्यामागे कारण आहे. दिव्याहून पनवेलपर्यंत आलेला लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोचला, मुख्यतः इथल्या कारखान्यांसाठी. पुढं मंगळूरपर्यंत किनाऱ्यालगत सलग लोहमार्ग नव्हता. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली, १५ सप्टेंबर १९९० ला रोह्यातच पायाभरणी झाली आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठपुरावा, ई. श्रीधरन यांची कामाची शिस्त, चाळीस हजारांहून अधिक जमीनधारकांकडून घेतलेल्या जागा, हे सगळं बऱ्याचदा लिहून झालं आहे. मध्य रेल्वे जिथं संपते आणि कोकण रेल्वे जिथं सुरू होते ते गाव म्हणजे रोहा. देशातल्या एका मोठ्या लोहमार्गाचा उगम गावात आहे, हे इथल्या सातवीतल्या मुलाला पुस्तकात वाचण्याऐवजी स्वतःच्या हातांनी करून कळलं तर काय बिघडेल?

मात्र त्यासाठी इंजिनापासून सुरुवात करून चालणार नाही.

प्रमाणाचं गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. जगात सर्वाधिक वापरलं जाणारं मॉडेलचं माप म्हणजे एचओ, १ ला ८७. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. या मापात तो होतो ७३-७४ सेंटिमीटर. म्हणजे रूळ जेवणाच्या टेबलाच्या उंचीवर धरले तर पुलाचे पाय जवळजवळ फरशीला टेकायला हवेत. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा भरतो ७५ मीटर. ताशी १६० किलोमीटर वेग मनात धरून आखलेल्या या मार्गाची वळणं किमान १,२५० मीटर त्रिज्येची आहेत. मॉडेलमध्ये ही त्रिज्या १४ मीटरच्या वर जाते. अर्धवर्तुळ घालायचं तर दोन बॅडमिंटन कोर्टं टोकाला टोक लावून ठेवली तरी जागा पुरायची नाही. दुकानात मिळणारं नेहमीचं वळण असतं सुमारे ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं. आणि अख्खा मार्ग मापात करायचा तर साडेआठ किलोमीटर जागा लागेल, म्हणजे मॉडेल बघायलाच रिक्षा करावी लागेल.

तेव्हा कोकण रेल्वे जशीच्या तशी मापात करणं कुणालाही शक्य नाही. काटछाट आलीच. गंमत अशी की काटछाट करताना पहिला बळी जातो तो जमिनीचा. रूळ सपाट फळीवर येतात आणि डोंगर नंतर वरून चिकटवले जातात. कोकणात मात्र रुळाच्या एका अंगाला कापलेला डोंगर असतो आणि दुसऱ्या अंगाला, रुळाच्या पातळीपासून खाली, नदी, खाडी नाहीतर भाताची खाचरं. फळीच्या खाली काहीच नसतं. सपाट फळीवर केलेलं कोकण म्हणूनच ओळखू येत नाही. त्यावर कितीही नारळाची झाडं रोवली तरी ते पठारच दिसतं.

पेण ते रोहा हा टप्पा घाटाचा नाही, मग त्याला फळी का चालू नये, असं कुणी विचारील. पेणहून गाडी निघाली की कासू, नागोठणे, निडी आणि रोहा अशी स्थानकं येतात. चाळीसेक किलोमीटरचा मार्ग. त्यातल्या खालच्या टापूत गाडी भरावावरून जाते, कारण आजूबाजूची जमीन पावसात पाण्याखाली जाणारी. पाच मीटरचा भराव एचओ मापात पावणेसहा सेंटिमीटर होतो. एवढं तरी रुळाच्या खाली जायला हवं. नागोठण्याला अंबा नदी ओलांडायची तर त्याहून खाली. म्हणजे इथंही सांगाडा असा हवा की रूळ एका उंचीवर राहतील आणि जमीन हवी तिथं खाली उतरेल.

ही अडचण अमेरिकेत लिन वेस्टकॉट यांनी सोडवली. ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकाचे ते संपादक होते आणि १९६० च्या दशकात त्यांनी ‘एल-गर्डर’ पद्धत लोकांपुढे आणली. साधन अगदी साधं. सुमारे चार इंच रुंदीची आणि इंचभर जाडीची पट्टी उभ्या धारेवर ठेवायची आणि तिच्या माथ्यावर दोन इंची पट्टी आडवी, सरस आणि स्क्रू लावून पक्की करायची. इंग्रजी एल उलटा धरला तर जसा दिसेल तसा हा गर्डर. असे दोन गर्डर समांतर, पायांवर उभे. त्यांच्यावर आडव्या कड्या. कड्यांना उभ्या खुंट्या. आणि खुंट्यांच्या माथ्यावर, फक्त जिथून रूळ जाणार तेवढ्याच वाटेची, प्लायवूडची कापलेली पट्टी. बाकी सगळं मोकळं. कौलारू घराचं छप्पर ज्यानं बांधलं आहे, तुळई, वासे, रिपा हा क्रम ज्याच्या हातात बसला आहे, त्या कोकणातल्या सुताराला यात नवीन काही शिकवावं लागणार नाही.

पट्टी उभी ठेवण्याचं कारण आठवीतल्या मुलांना पटवून द्यावं असं आहे. पट्टी वाकायला किती विरोध करते ते तिच्या रुंदीवर साध्या पटीनं आणि उंचीवर घनाच्या पटीनं ठरतं. चार बाय एकची पट्टी आडवी टाकली तर हिशेब येतो चार गुणिले एक. तीच उभी केली तर एक गुणिले चौसष्ट. लाकूड तेवढंच, खर्च तेवढाच, ताठपणा सोळा पट. वर्गात फळ्यावर हे सांगितलं तर मुलं वहीत उतरवून घेतील. तीच पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध दप्तर लटकवलं, मग उभी करून लटकवलं, तर उतरवून घ्यायची गरज पडणार नाही.

वेस्टकॉट यांची खरी हुशारी स्क्रूच्या दिशेत आहे. कड्या गर्डरला खालून स्क्रूनं बसवायच्या आणि खुंट्याही बाजूनं किंवा खालून. वरून एकही खिळा नाही. त्यामुळे वर रूळ, डोंगर, गाव सगळं झाल्यावरही एखादी कडी चार बोटं सरकवायची असली, एखाद्या खुंटीची उंची पाव इंच कमी करायची असली तर टेबलाखाली झोपून स्क्रू ढिला करता येतो. वरच्या कामाला धक्का लागत नाही. चूक होणार हे धरून केलेली ही रचना आहे. सरकारी बांधकामांचे आराखडे आखणाऱ्यांनीही हे एकदा बघून घ्यायला हरकत नाही.

आता गादीकडे. प्लायवूडची बारा मिलिमीटरची पट्टी खुंट्यांवर दर तीस-चाळीस सेंटिमीटरला टेकवलेली असते. तिच्यावर थेट रूळ ठोकले तर गाडी चालताना अख्खं प्लायवूड वाजतं आणि छोट्या इंजिनाचा आवाज पिठाच्या गिरणीएवढा होतो. म्हणून मध्ये बुचाची पाच मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवतात, कडा उतरत्या कापलेली. खऱ्या लोहमार्गात स्लीपरखाली २५ ते ३० सेंटिमीटर खडी असते. ३० सेंटिमीटर भागिले ८७ केलं तर येतात साडेतीन मिलिमीटर. बुचाची पट्टी दिसायला जवळपास बरोबर बसते. खडीचा दगड खऱ्या मार्गावर ६५ मिलिमीटरपर्यंतचा. मॉडेलमध्ये तो पाऊण मिलिमीटर. दगडखाणीच्या क्रशरखाली पडणारी भुकटी दोन चाळण्यांतून काढली की ही खडी तयार. ती रुळांत कोरडी पसरायची, ब्रशनं नीट करायची, मग पाण्यात निम्मं फेविकॉल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरनं सोडायचं. साबण नसला तर पाण्याचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो, आत झिरपत नाही. इंजेक्शनची जुनी सिरिंज ड्रॉपरहून बरी.

चढ हा आणखी एक फसवा भाग. कोकण रेल्वेचा कमाल चढ १५० ला १ ठेवलेला आहे. बोरघाटात तो ३७ ला १ आहे. घरगुती मॉडेलमध्ये ५० ला १ चालवून घेतात. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साडेसात-आठ सेंटिमीटर उंची गाठावी लागते, म्हणजे ५० ला १ नं पावणेचार ते चार मीटर लांबी. कोकण रेल्वेच्या चढानं सव्वाअकरा ते बारा मीटर. आणि चढ सुरू होतो तिथं कोन येऊ द्यायचा नाही. सपाटीतून चढात जाताना पट्टी अलगद वळली पाहिजे. अखंड प्लायवूडची पट्टी खुंट्यांवर उचलली तर ती आपोआप तशी वाकते. दोन तुकडे जोडून चढ केला तर सांध्यावर इंजिनाची पुढची चाकं हवेत जातात. खऱ्या रेल्वेतले आखणी करणारे इंजिनिअर ज्या वळणासाठी कोष्टकं वापरतात, ते इथं लाकूड स्वतःच काढून देतं.

खऱ्या मार्गावर या खालच्या भागाची किंमत काय असते, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. कोकण रेल्वेच्या ९१ बोगद्यांपैकी सगळ्यात जास्त रडवलं ते कठीण खडकातल्या बोगद्यांनी नाही; मऊ, पाणथळ मातीतल्या नऊ बोगद्यांनी रडवलं. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडजवळ करंजाडीच्या पुढं मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तीच वेळ आली. त्यानंतर कटाईच्या भिंती मागं घेणं, जाळ्या बसवणं, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करून वेगळं वेळापत्रक लावणं, गस्त वाढवणं, हे सगळं झालं. इंजिनं तीच होती. याच जिल्ह्यातली नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी, १९०७ मध्ये सुरू झालेली, २००५ च्या पावसात बंद पडली ती भराव आणि रूळ वाहून गेल्यामुळे. २०१९ च्या पावसानंतर पुन्हा तेच आणि पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं.

पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे जास्त चांगलं ठाऊक आहे. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि ते शेत पुढची काही वर्षं भात देत नाही. बांध हा मातीचा, उघाडी लाकडाची किंवा लोखंडाची, आणि दोन्हींवर लक्ष ठेवणारं माणूस हवं. रेल्वेचा भराव म्हणजे असाच एक बांध, फक्त त्याच्यावरून हजारो टनांची मालगाडी जाते. खाजणाच्या चिखलावर माती टाकली की चिखलातलं पाणी हळूहळू बाहेर येतं आणि भराव खचतो. मग पुन्हा माती, पुन्हा वाट बघणं. मॉडेलमध्ये हे दाखवायचं तर भरावाचा एक तुकडा उभा कापून, काच लावून, आतले थर उघडे ठेवावेत: खाली चिखल, वर मुरूम, त्यावर बारीक मालाचा थर, मग खडी, स्लीपर, रूळ. एवढा एक तुकडा झाला तरी बाकी सगळ्या मांडणीचं चीज होईल.

आता कौशल्याचा प्रश्न. मॉडेलचे डोंगर कसे करतात याचं तंत्रही वेस्टकॉट यांच्या काळात बदललं. आधी जाळी आणि जाड प्लास्टर असे. मग कागदी टॉवेल पातळ प्लास्टरमध्ये बुडवून, वर्तमानपत्रांच्या बोळ्यांवर पसरून, हलकं कवच करायची पद्धत रूढ झाली. पेण, हमरापूर, जोहे या गावांतल्या गणपतीच्या कारखान्यांत काथ्या प्लास्टरमध्ये भिजवून साच्यात दाबणारा कारागीर हे बघून हसेल. प्लास्टर किती पातळ हवं, किती मिनिटांत घट्ट होतं, दमट हवेत किती जास्त वेळ घेतं, काथ्या किती घातला की वजन न वाढता ताकद वाढते, हे सगळं त्याच्या बोटांत आहे. नंतर रंग. कातळाचा काळा, जांभ्याचा तांबडा, पावसाळ्यानंतरचा पिवळसर हिरवा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ज्या हातानं होते त्या हाताला कौलांच्या रांगा रंगवणं अवघड नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरून गेली काही वर्षं जो वाद चालू आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची नियमावली, उच्च न्यायालयातली प्रकरणं, त्यात पेणचा कारागीर भरडला गेला आहे. वादाचं मूळ विसर्जनात आहे. रेल्वेच्या डोंगराचं विसर्जन करायचं नसतं. मॉडेल, संग्रहालयांतले देखावे, शाळांचे भूगोलाचे उठावाचे नकाशे यांत प्लास्टर वर्षानुवर्षं राहतं. पेणच्या हजारो हातांना यातून पर्यायी रोजगार मिळेल, असा दावा करणं भाबडेपणाचं होईल. ही मागणी तेवढी मोठी नाही. पण अनंत चतुर्दशीनंतरच्या जरा सैल दिवसांत एखाद्या कारागिरानं शाळेत येऊन मुलांना प्लास्टर कालवायला शिकवावं आणि शाळेनं त्याला त्याचं मानधन द्यावं, एवढं तर सहज जमण्यासारखं आहे.

यासाठी नवी योजना काढायचीही गरज नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस आहे. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली काम करावं, असं धोरणातच लिहिलं आहे. या दहा दिवसांचं नेमकं काय करायचं, हा प्रश्न अनेक मुख्याध्यापकांपुढे आहे. सहल आणि चित्रकला स्पर्धा यांत दिवस संपवण्यापेक्षा पहिले चार दिवस सुताराकडे गुण्या, ओळंबा, पाणसळ धरायला शिकण्यात गेले तर बरं. ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे, तिथं वीस लाखांपर्यंतचं अनुदान असतं. थ्री-डी प्रिंटर आणि रोबोचे संच जरूर घ्यावेत. शेजारी एक भक्कम सुतारी बाकडं आणि शिकंजा असावा.

यातून मुलं काय शिकतील, याचं एक जुनं उदाहरण बोस्टनजवळ आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९४६ मध्ये टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. त्यात दोन तट पडले. एक टेबलाच्या वर: डबे रंगवणारे, स्थानकं करणारे, जुन्या वेळापत्रकांत रमणारे. दुसरा टेबलाखाली: सिग्नल आणि वीजपुरवठा समितीचे, टेलिफोनचे टाकाऊ रिले आणून गाड्या नियंत्रित करणारे. हे टेबलाखालचे लोक पुढं संस्थेतल्या पहिल्या संगणकांकडे वळले. १९६२ च्या सुमारास ‘स्पेसवॉर’ हा सुरुवातीचा संगणकखेळ ज्यांनी केला त्यांत याच क्लबातली मुलं होती. ‘हॅकर’ या शब्दाला संगणकाच्या जगात जो अर्थ आला तो इथल्या बोलण्यातून. टेबलाखाली जायला जागा होती, म्हणजेच सांगाडा मोकळा होता, म्हणून हे झालं.

पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांचं लघु रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं, कोकण रेल्वे पूर्ण झाली त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं हे चालतं नगर, त्यातली सर्कस, उड्डाणपूल, अंधार झाल्यावर लागणारे दिवे, महाराष्ट्रातल्या शेकडो शाळांच्या मुलांनी पाहिलं आहे. प्रेक्षकाची नजर तिथं साहजिकच वर असते. पेण-रोह्यात दुसरं जोशी संग्रहालय करू नये. ते जमणारही नाही. इथं मुलांनी करणारं व्हावं.

करायचं कसं, याचाही रस्ता तयार आहे. एकाच खोलीत मोठी मांडणी केली तर ती त्या खोलीची होते आणि खोली परीक्षेला लागली की मोडली जाते. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत एनट्रॅक नावाची पद्धत निघाली: प्रत्येकानं आपला चार फुटी तुकडा घरी करायचा, कडांची मापं सगळ्यांनी एकच ठेवायची, संमेलनाच्या दिवशी तुकडे जोडायचे. युरोपात फ्रेमो ही तशीच चळवळ आहे. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा या पाच गावांतल्या पाच शाळांनी एकेक तुकडा घेतला तर प्रत्येकीला आपल्या स्थानकाचं मोजमाप घेता येईल: फलाटाची लांबी, पुलाची उंची, भरावाचा उतार. भारतीय रेल्वेचा आयसीएफ बनावटीचा डबा या मापात साधारण २५ सेंटिमीटर होतो. चार डब्यांची गाडी एका मीटरभर फलाटाला उभी राहते. आठ डबे हवेत असा हट्ट मुलं धरतील. धरू द्यावा, फलाटाचं लाकूड त्यांनाच कापायचं आहे.

तुकड्यांच्या जोडाकडे सगळ्यात जास्त लक्ष लागतं. टोकाची फळी सगळ्या शाळांना एकाच सुतारानं एकाच दिवशी कापून द्यावी, भोकं एकाच साच्यातून पाडावीत. पायांना खाली फिरवून उंची कमी-जास्त करणारे बोल्ट हवेत, कारण शाळेच्या फरश्या कधीच एका पातळीत नसतात. लाकूड निवडताना स्वस्तात मिळणारं साधं प्लायवूड घेण्याचा मोह होईल. कोकणच्या हवेत तो टाळलेला बरा. पाणी सहन करणारं, आयएस ७१० चं चिन्ह असलेलं प्लायवूड महाग पडतं पण झोळ पडत नाही. पट्ट्यांसाठी नवं लाकूड न घेता जुन्या घरांच्या मोडीतले वासे चिरून घ्यावेत. पन्नास पावसाळे पाहिलेलं लाकूड आता हलत नाही. रंधा मारण्याआधी त्यातले खिळे मात्र एकूण एक शोधून काढावेत, नाहीतर सुतार पुन्हा शाळेत पाऊल टाकणार नाही.

हा श्रीमंतांचा छंद आहे, हा आक्षेप इंजिनापुरता खरा आहे. परदेशी बनावटीचं इंजिन काही हजारांच्या खाली येत नाही. शिवाय भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. १ ला ८७ नं ती सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी आणि बाजारातले रूळ असतात १६.५ चे. काटेकोर माणसाला ते खुपेल. खुपो. सांगाडा, गादी, भराव, पूल यांना लागणारं सगळं पेण किंवा रोह्याच्या बाजारात मिळतं, आणि पाच शाळांत मिळून एक इंजिन पुरतं. कोकणात धावणाऱ्या अनेक गाड्यांची इंजिनं तरी कुठं पेण-रोह्याला थांबतात; थांब्याची मागणी इथं जुनी आहे.

सुरुवात दिवाळीच्या सुटीनंतर व्हावी, हवा कोरडी असताना. पहिल्या वर्षी कासू आणि निडी हे दोन सोपे तुकडे घ्यावेत, भराव आणि एक साधं स्थानक एवढंच असलेले, आणि मेमध्ये ते जोडून एक डबा हातानं ढकलून बघावा. तो न अडखळता गेला तर दुसऱ्या वर्षी नागोठण्याचा पूल आणि इंजिनासाठी वर्गणी. रोह्याचा तुकडा सगळ्यात शेवटी ठेवलेला बरा, कारण तिथं रुळांना फाटे फुटतात आणि फाट्यांखालच्या गादीत एक मिलिमीटरची चूकही चालत नाही.